परवाना आणि मर्यादा : बिनतारी उपकरणांच्या प्रेषणशक्तीचा विचार

१

भरताच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाची मापे दिली आहेत. मर्त्यांसाठी बांधावयाचे नाट्यगृह चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असावे, त्याहून मोठे बांधू नये, असा तेथे निर्बंध आहे व त्याचे कारणही दिलेले आहे. मंडप फार मोठा झाला, तर नटाचे उच्चारण दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचेतो विस्वर होते आणि त्याच्या मुद्रेवरील भाव अस्पष्ट होतात. मानवी कंठाची शक्ती निसर्गतः ठरलेली. म्हणून मंडपाचे माप तिच्या बेताने ठरवावयाचे, असा हा हिशेब आहे. बिनतारी संदेशवहनात हाच हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो. येथे मंडप म्हणजे सभोवतालचे आकाश. ते एकच आहे, सर्वांचे आहे आणि त्यात भिंती घालून दालने पाडता येत नाहीत. कंठाची शक्ती मात्र यंत्राच्या साहाय्याने हवी तितकी वाढविता येते. म्हणून मर्यादा घालावयाची ती आवाजावर. कोणत्या उपकरणाने कोणत्या कंप्रतेवर किती शक्तीने प्रक्षेपण करावे, याविषयी प्रत्येक राष्ट्राने केलेले नियम हे या मर्यादेचेच रूप होय.

हा विषय अभियंत्यांचा. साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे काय प्रयोजन, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु ग्रंथालयातील वाय-फाय राउटर, चर्चासत्रातील बिनतारी मायक्रोफोन, लोकगीतांच्या संकलनासाठी खेडोपाडी नेलेली ध्वनिमुद्रणाची साधने आणि प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी हे सारे प्रक्षेपक आहेत. त्यांचा वापर करणारी व्यक्ती कळत नकळत या नियमांच्या कक्षेत आलेली असते. याशिवाय या विषयाला एक वैचारिक बाजूही आहे. वाणीला अटकाव करणारा कायदा आणि अनेकांच्या वाणीला जागा करून देणारा कायदा बाह्यतः सारखेच दिसतात. दोहोंत निर्बंधाचीच भाषा असते. त्यांतील भेद ओळखणे हे शब्दांच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि प्रेषणशक्तीच्या नियमांचा इतिहास हे त्या भेदाचे एक स्पष्ट उदाहरण आहे.

२

प्रथम शक्ती म्हणजे काय आणि ती कशी मोजतात, हे पाहिले पाहिजे. प्रक्षेपक किती शक्ती बाहेर टाकतो, हे वॅटमध्ये सांगता येते. पण घरगुती उपकरणांची शक्ती इतकी अल्प असते की तेथे मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग, हे माप सोयीचे पडते. अभियंते त्याहून निराळी अशी डीबीएम ही श्रेणी वापरतात. १ मिलिवॅट म्हणजे शून्य डीबीएम. तेथून दर दहा पायऱ्यांना शक्ती दसपट होते आणि दर तीन पायऱ्यांना सुमारे दुप्पट. यावरून २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट, ३० डीबीएम म्हणजे १ वॅट आणि ३६ डीबीएम म्हणजे सुमारे ४ वॅट. या श्रेणीचा लाभ असा की गुणाकार-भागाकाराचे काम बेरीज-वजाबाकीने भागते.

केवळ प्रक्षेपकाची शक्ती पाहून मात्र भागत नाही. ती शक्ती अँटेनामधून, म्हणजे मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत आकाशकामधून, बाहेर पडते. आणि अँटेना ती सर्व दिशांना सारखी न पसरता काही दिशांना अधिक एकवटू शकते. उघडा दिवा आणि त्यामागे आरसा बसविलेली विजेरी यांत जळणारी शक्ती सारखीच असली, तरी विजेरीसमोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवर अधिक प्रकाश पडतो. तो जितका पडतो तितका सर्व दिशांना पाडण्यासाठी उघडा दिवा किती शक्तीचा लागला असता, हा प्रश्न विचारला, म्हणजे जे उत्तर येते ती परिणामी प्रारणशक्ती होय. बहुतेक देशांचे नियम अखेर या परिणामी शक्तीवर मर्यादा घालतात. एक उदाहरण घेऊ. प्रक्षेपकाची शक्ती २७ डीबीएम आहे, अँटेनामुळे १२ डेसिबेलची वाढ होते आणि जोडतारेत १ डेसिबेलची घट होते. बेरीज झाली ३८ डीबीएम, म्हणजे सुमारे ६.३ वॅट. मर्यादा ३६ डीबीएमची असेल, तर प्रक्षेपक २५ डीबीएमवर उतरविल्याखेरीज ही जुळणी नियमात बसत नाही. प्रक्षेपकाचा अर्धा वॅट निरुपद्रवी होता. अँटेना बदलताच तो मर्यादेबाहेर गेला.

येथे आणखी एका गोष्टीचा खुलासा अवश्य आहे. शरीराने किती प्रारण शोषावे, याची मर्यादा वेगळी असते. दूरध्वनीसाठी भारतात सप्टेंबर २०१२पासून ती दर किलोग्रॅमला १.६ वॅट इतकी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली मर्यादा आरोग्यासाठी घातलेली नसून एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचे बोलणे बुडू नये, यासाठी घातलेली आहे.

३

अशी मर्यादा का लागते? शक्ती वाढविली की पल्ला वाढतो आणि पल्ला वाढणे इष्टच, असा सर्वसाधारण समज असतो. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ग्राहकापर्यंत पोहोचणारी शक्ती एकचतुर्थांश होते. म्हणजे पल्ला दुप्पट करावयाचा, तर शक्ती चौपट करावी लागते. शक्ती दुप्पट केल्याने पल्ला दीडपटही होत नाही. दगडी भिंतींच्या जुन्या इमारतीत तर हा लाभ त्याहूनही कमी.

दुसरे असे की, संभाषण दुहेरी असते. राउटरचा आवाज वाढविला, तरी वाचकाच्या हातातील दूरध्वनीचा वाढत नाही. राउटरचे बोलणे दूरवर ऐकू जाते, पण दुरून दिलेले उत्तर त्याला ऐकू येत नाही. संकेताच्या रेषा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही, या नित्याच्या अनुभवाचे एक कारण हे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाय-फायची उपकरणे सभेचा एक शिष्टाचार पाळतात: बोलण्यापूर्वी ऐकावे, आणि दुसरा बोलत असेल तर थांबावे. मंद आवाजात बोलणाऱ्याभोवती लहानसे वर्तुळ गप्प बसते. मोठ्याने बोलणाऱ्यामुळे कितीतरी मोठे वर्तुळ गप्प बसते. एका खोलीतील राउटरची शक्ती वाढली की शेजारच्या चार इमारतींतील उपकरणांना आपली पाळी येण्यासाठी अधिक थांबावे लागते. त्यांनीही तोच उपाय योजला, तर सर्वांची शक्ती वाढते आणि कोणाचेच काम वेगाने होत नाही. मर्यादेचा अभाव येथे बलवानालाही लाभदायक ठरत नाही.

ही गैरसोय घरापुरती असती, तर ती सोसता आली असती. पण आकाशात अधिक गंभीर कामेही चालू असतात. २००९ साली प्वेर्तो रिकोमधील सान हुआन येथे विमानतळाच्या हवामान-रडारमध्ये व्यत्यय येऊ लागल्याचे अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या ध्यानात आले. विमान उतरताना वाऱ्याचे धोकादायक झोत कोठे आहेत, हे हे रडार सांगते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात इमारतींबाहेर लावलेली परवानामुक्त बिनतारी उपकरणे हे त्या व्यत्ययाचे कारण होते. अशा उपकरणांनी रडारची चाहूल लागताच ती वाहिनी सोडून द्यावी, असा नियम होता. तो पाळला जात नव्हता. प्रत्येक उपकरणाची शक्ती थोडी. पण ज्याच्या कानावर ती पडत होती ते रडार अतिशय मंद प्रतिध्वनी टिपणारे होते.

४

भारतातील या नियमांचा उगम वासाहतिक कायद्यांत आहे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने तारयंत्र उभारण्याचा आणि चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे घेतला. १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने त्याही पलीकडे जाऊन परवान्यावाचून बिनतारी साधन नुसते बाळगणेही गुन्हा ठरविले. या कायद्याला शक्ती किती, हा प्रश्न पडत नव्हता. कोणाच्या हाती, एवढाच पडत होता. ऑगस्ट १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून काँग्रेस रेडिओचे गुप्त प्रक्षेपण सुरू केले, ते जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत चालले आणि अखेर पोलिसांनी ते पकडले. त्या प्रक्षेपणावर घातलेली बंदी आकाशात गर्दी होते म्हणून नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९५२मध्ये कंप्रतांचे नियोजन करणारा केंद्रीय विभाग स्थापन झाला, पण परवान्याची चौकट कायम राहिली. १९८०च्या दशकापर्यंत घरातील रेडिओसाठीही टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, हे जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. रेडिओ तर केवळ ऐकतो, बोलत नाही. तरीही ऐकण्यासाठी अनुज्ञा लागे.

विचारातील बदलाची खूण फेब्रुवारी १९९५च्या निकालात दिसते. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधी बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी, सार्वजनिक संस्थेच्या नियमनाखाली व्हावा, असे तत्त्व सांगितले. सरकारची मालमत्ता आणि लोकांची मालमत्ता यांत मोठे अंतर आहे. मालकी लोकांची मानली, की प्रत्येकाने सरकारपुढे अर्ज घेऊन का जावे, हा प्रश्न उभा राहतो. आणि सर्वच बोलू लागले तर गोंधळ कसा टळेल, हा त्याचा जोडप्रश्न.

या दोन्ही प्रश्नांना २००५च्या अधिसूचनांनी एकत्र उत्तर दिले. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कोणाही नागरिकाला परवान्यावाचून बिनतारी उपकरण वापरण्याची मुभा मिळाली. तिच्याबरोबर अटी आल्या: प्रक्षेपकाची शक्ती १ वॅटपेक्षा अधिक नसावी, परिणामी प्रारणशक्ती ४ वॅटपेक्षा अधिक नसावी, अँटेना इमारतीच्या छतापासून ५ मीटरपेक्षा उंच नसावी आणि उपकरण मान्यताप्राप्त प्रकारचे असावे. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा आणि इमारतींच्या आतल्या वापरापुरते, २०० मिलिवॅटच्या मर्यादेसह, ५ गिगाहर्ट्झचे काही पट्टे खुले झाले. ऑक्टोबर २०१८मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील मुभेची व्याप्ती पुष्कळ वाढविण्यात आली. पुढे १८८५ आणि १९३३च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला व २०२४पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला.

२००५च्या अधिसूचनेतील एक अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ही मुभा कोणालाही संरक्षण देत नाही. परवानामुक्त उपकरणाने परवानाधारकाच्या कामात व्यत्यय आणू नये; आणि त्याच्या स्वतःच्या कामात व्यत्यय आला, तर त्याने तक्रार करू नये. येथे कोणी मालक नाही आणि कोणी पाहुणा नाही. सर्वांनी एकमेकांना सांभाळून घ्यावयाचे आहे. परवाना जाऊ शकला, याचे कारण मर्यादा आली. कोण बोलतो, हे विचारणे सरकारने सोडले. किती मोठ्याने, एवढेच विचारणे ठेवले. या दृष्टीने शक्तीची मर्यादा हा जुन्या नियंत्रणाचा अवशेष नसून नव्या मोकळीकीचा पाया आहे, असे म्हणणे प्राप्त होते.

५

हा पाया सर्व देशांत सारख्या मापाचा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरातील पट्टा १९४७च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपयोगासाठी राखला गेला. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. संदेशवहनाच्या दृष्टीने ही जवळजवळ पडीक जमीन होती. १९८५मध्ये अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने ती विस्तृत-वर्णपटाच्या तंत्राने संदेश पाठविण्यासाठी परवान्यावाचून खुली केली; पुढे १९९७मध्ये वाय-फायचे पहिले मानक याच जमिनीवर उभे राहिले. अमेरिकेत येथील नेहमीची मर्यादा प्रक्षेपकाला १ वॅट आणि अँटेना धरून ४ वॅट आहे. भारताने स्वीकारलेली मापे याच धर्तीची आहेत. युरोपात मात्र परिणामी शक्ती १०० मिलिवॅटपर्यंतच चालते, म्हणजे चाळिसावा हिस्सा. अमेरिकेत ११ वाहिन्या वापरतात, युरोपात १३. या भेदांमागे प्रत्येक देशात त्या पट्ट्यात आधीपासून कोण वस्तीला होते, याचा इतिहास असतो. फ्रान्समध्ये तेथे लष्कर होते, म्हणून प्रारंभीच्या काळात त्या देशाचे निर्बंध इतरांहून कडक होते.

परदेशातून उपकरण आणणाऱ्या अभ्यासकाला हे भेद प्रत्यक्ष अडचणीत आणू शकतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे, आणि त्यावर चालणारी कितीतरी छोटी उपकरणे तेथे सहज विकत मिळतात. भारतात ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झ हा पट्टा भ्रमणध्वनीकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संकेतांसाठी दिलेला आहे. तेथून हौसेने आणलेले उपकरण येथे व्यवस्थित चालेल. पण ते चालत असताना परिसरातील मनोऱ्याच्या कानात कुजबुज करीत राहील. यंत्र चालते याचा अर्थ ते चालविण्यास मुभा आहे, असा होत नाही.

६

मग आपण कोणत्या देशात आहोत, हे उपकरणाला कसे कळते? उत्तर साधे आहे. बहुधा ते त्याला कोणीतरी सांगावे लागते. राउटर प्रथम सुरू करताना देश विचारला जातो, तो याचसाठी. २००१मध्ये वाय-फायच्या मानकाला जोडलेल्या पुरवणीनुसार राउटर आपल्या देशाची दोन अक्षरी खूण आणि तेथील शक्तिमर्यादा सतत घोषित करू शकतो, आणि ती घोषणा मानणारी उपकरणे आपली शक्ती त्याप्रमाणे आवरतात. लिनक्स या मुक्त प्रणालीत सर्व देशांच्या नियमांची एक सूची ठेवलेली असते. प्रत्येक देशासमोर कंप्रतांचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यासमोर कमाल शक्ती लिहिलेली असते, आणि मधल्यामध्ये कोणी फेरफार करू नये म्हणून सूचीवर अंकीय स्वाक्षरी असते. देश ठाऊक नसेल, तर दोन शून्यांची खूण असलेले ‘जागतिक’ नियम लागू होतात. ते सर्वांत सावध असतात. जेथे शंका आहे तेथे उपकरण आधी केवळ ऐकते, आपण होऊन बोलण्यास आरंभ करीत नाही. उत्पादकाने एक देश सांगितला आणि वापरणाऱ्याने दुसरा, तर दोन्ही नियमांत जेवढे समान असेल तेवढेच प्रणाली मान्य करते.

या सूचीकडे भाषांतर म्हणून पाहिले, तर तिचे सामर्थ्य आणि उणीव दोन्ही कळतात. मूळ संहिता अधिसूचनेची, लक्ष्यभाषा अंकांची. अंक उत्तम उतरतात. ‘फक्त इमारतीच्या आत’ ही अट खूण करून नोंदता येते. पण आपण वाचनकक्षात आहोत की गच्चीवर, हे राउटरला समजत नाही. छतापासून ५ मीटरची अट उतरविण्यास तेथे रकानाच नाही. आणि वापरणाऱ्याने मूळची अँटेना काढून बाजारातून आणलेली मोठी अँटेना जोडली, तर ते प्रणालीला ठाऊक होत नाही. ती जुन्याच बेरजेवर विसंबून राहते. भाषांतरात जे गळते ते वाचकाने संदर्भाने भरून काढावयाचे असते. येथे तो वाचक म्हणजे उपकरण वापरणारी व्यक्ती.

गळलेला भाग भरण्याऐवजी असत्य भरले, तर काय होते याचे उदाहरण २०१६मध्ये घडले. टीपी-लिंक या कंपनीच्या काही राउटरांत वापरणाऱ्याला देशाची खूण बदलून अमेरिकेच्या मर्यादेहून अधिक शक्ती मिळविता येत होती. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने नियमभंग मान्य केला आणि २ लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. शक्तीची कडी बसवावयाची म्हणून उत्पादकांनी यंत्राला कुलूप लावले, तर अभ्यासू वापरकर्त्यांनी लिहिलेली मुक्त प्रणालीही त्या यंत्रावर चालविता येणार नाही, अशी भीती त्या काळात व्यक्त होत होती. म्हणून अशा प्रणालींना वाव राहील असे प्रयत्न करण्याचेही कंपनीने त्याच तडजोडीत मान्य केले. त्या प्रसंगातील खरा पेच हा होता. थोड्या लोकांनी देशाविषयी खोटे सांगितले, की सर्वांच्या यंत्रांना कुलूप लावण्यास सबळ कारण मिळते. मर्यादा स्वेच्छेने पाळली गेली नाही, तर ती सक्तीने येते; आणि सक्ती आली, की तिच्यामागोमाग परवानाही परत येतो.

७

व्यवहारात करावयाचे ते फार नाही. विभागाच्या इमारतीत संकेत पोहोचत नसेल, तर एका राउटरची शक्ती चढविण्याऐवजी कमी शक्तीचे तीन-चार राउटर योग्य ठिकाणी व निरनिराळ्या वाहिन्यांवर लावावेत. शेजारच्यांना त्रास होत नाही, आणि वाचकाच्या दूरध्वनीचे उत्तरही ऐकू येते. उपकरण जेथे आहे तोच देश त्याला सांगावा. अँटेना बदलली, तर शक्ती, लाभ आणि घट यांची बेरीज पुन्हा करावी आणि जितके डेसिबेल अधिक भरतील तितके प्रक्षेपकात कमी करावे. उपकरण विकत घेताना त्याला भारतातील प्रकार-मान्यता आहे की नाही, हे पाहावे. परदेशातून आणलेल्याचा पट्टा तपासावा.

ज्या देशात एके काळी रेडिओ ऐकण्यासाठी परवाना लागे आणि गुप्तपणे बोलणाऱ्यांना तुरुंगात जावे लागे, त्याच देशात आज एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयाला कोणाची अनुज्ञा न घेता आपल्या दुर्मिळ पोथ्यांच्या प्रतिमा गावातल्या वाचकांपर्यंत आकाशमार्गे पोहोचविता येतात. हे ४ वॅटच्या आत घडते. ज्या क्षणी राउटर देशाचे नाव विचारतो, त्या क्षणी दुसरे कोणी पाहत नसते, आणि दिलेले उत्तर तपासण्यासही बहुधा कोणी येत नाही. ते खरे द्यावे, एवढीच या मोकळीकीची किंमत आहे.